रुख्माबाई ढेकीवर चढली

भोजराज शिंप्यानं डोकं लावलं, की घरात काहीतरी फुटलंच समजा! सातवीतल्या सरिताच्या पुस्तकात साध्या यंत्रांचा धडा आला, अन् पोरीपेक्षा बापच त्याच्या नादी लागला. उतार शिकवायला त्यानं फळीवरून कोंड्याचं पोतं सोडलं, ते थेट वरणाच्या गंजात. कप्पी शिकवायला विहिरीची कप्पी आढ्याला टांगून घागर वर चढवली. ती बायकोच्या अंथरुणावर रिकामी झाली.

"शिकवा बाप्पा," पुष्पलता म्हणाली, "पण आंगणात!"

भोजराजची आई रुख्माबाई मात्र वेगळंच ठरवून बसली होती. "सातवीपर्यंत शिकली, बस झालं. आता पोरीनं ढेकी धरावी. मिलच्या तांदळाले काही चव हाय का?"

ढेकी म्हणजे पडवीतलं, टेकूवर तोललेलं भात कांडायचं लांबलचक लाकूड. आखूड टोकावर पाय दाबला की लांब टोकाचं मुसळ वर जातं, पाय काढला की उखळात आदळतं. पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी त्यावर पाय झिजवले. भोजराजलाही चौथीतून काढून आईनंच मशीनवर बसवलं होतं, अन् तेव्हा तो हूं की चूं बोलला नव्हता. ते त्याला अजून सलायचं. आईपुढं नाही म्हणायची छाती आजही नव्हती, म्हणून तो भलतंच बोलून बसला.

"आई, शिक्षण कामाचं हाय. हे पोरगी तुले एकटी उचलून दाखवन!"

"मले?" रुख्माबाईचं सगळं अंग हसलं. "उचललं तं खुशाल शिकू दे. नाई तं उद्यापासून ढेकी."

भोजराजनं मोठ्या ऐटीत आईला मुसळाच्या टोकावर बसवलं. सरिता आखूड टोकावर नाचली, उड्या मारल्या, शेवटी बापही चढला. म्हातारी तसूभर हलेल तर शपथ!

"सूनबाई, उद्याचं भात काढून ठेव वो," रुख्माबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

आपल्या शहाणपणानं पोरीचं वाटोळं झालं, असं भोजराजला वाटलं. सरिता मात्र ढेकीकडं टक लावून पाहत होती.

"बाबा, उलटं झालं. बोजा टेकूजवळ पायजे. आजीले इकडं उभी करा."

रुख्माबाई आखूड टोकावर उभी राहिली, आढ्याला टांगलेल्या आधाराच्या दोरीला धरलं. मुसळ वर गेलं. सरितानं त्याला मिठी मारून अंग सोडून दिलं मात्र, आजी भुर्रकन वर!

"अवो माय वो! उतरवा मले!"

"मी उठली तं तू धाडकन पडशीन, आजी," सरिता मुसळावरून शांतपणे म्हणाली. "शाळेत जाऊ का?"

"भोजा! पाहून काय राह्यला? उचल तिले!"

भोजराज दोन पावलं पुढं झाला अन् थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाई आई. आधी हौ म्हण."

आजीच्या हातातली दोरी करकरली.

"हौ, हौ! जाऊ दे तिले मॅट्रिकपर्यंत!"

मग बापलेकीनं तिला हळूच खाली घेतलं. रुख्माबाईनं पदर सावरला, गुडघे चोळले, अन् लेकाकडं डोळे वटारले.

"शिकव तिले. पण पुढचा धडा आधी मले वाचून दाखवायचा, समजलं का?"