आतली शिवण

गल्लीच्या टोकाच्या त्या खोलीत धडधाकट पावलं फारशी यायचीच नाहीत. यायची ती सुजलेली, वाकडी, बोटं गेलेली, नाहीतर साखरेच्या आजारानं बधिर झालेली. भाऊ त्यांच्यासाठी जोडे शिवायचा. सगळे त्याला भाऊच म्हणत. बायको तेवढी ‘अहो’ म्हणायची, आणि चिडली की तेही म्हणायची नाही.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की भाऊची टकळी सुरू.

“वरच्या भागाला पाठीचं कातडं घ्यावं. पोटाचं ताणतं, चार पावसाळ्यांत जोड्याची पिशवी होते. पायाच्या लाकडी फर्म्यावर चढवायच्या आधी पाण्यात बुडवायचं. बुडबुडे थांबले की काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचं. चिंब असताना ओढलं तर सुकताना आक्रसतं. आरीच्या टोकानं पाडलेलं भोक सुईपेक्षा बारीक हवं, म्हणजे दोरा अंग चोरून बसतो.”

“त्यांना जोडा हवाय, धंदा नाही शिकायचा,” बायको कोपऱ्यातून म्हणायची.

पण आतल्या शिवणीचा विषय निघाला की तीही गप्प बसायची. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. तो माणूस दिवसभर त्याच खड्यावर चालतो. म्हणून आतली शिवण हाताला लागताच कामा नये. भाऊ रापीचं पातं जवळजवळ आडवं धरून कातड्याची कड तासत न्यायचा, कागदासारखी होईपर्यंत. मग जोड, शिलाई, हातोडीची हलकी ठोक, आणि शेवटी जोड्यात हात घालून अंगठा सगळीकडून फिरवायचा. अंगठा कुठं अडला, तर उसवून पुन्हा.

जोड चिकटवायचं काम बायकोचं. सोल्यूशनचा एक हात, तो सुकला की दुसरा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. वारा लागला की सोल्यूशनवर साय धरते आणि जोड सुटतो, म्हणून खिडकी बारा महिने बंद. डब्याचा उग्र वास कपड्यांत, केसांत, अंथरुणात भरलेला असायचा. “चोर आला तर वासानंच पळेल,” भाऊ म्हणायचा. संध्याकाळी दोघांचंही डोकं जड व्हायचं. दिवसभर मान मोडून बसल्यावर दुसरं काय होणार, असं दोघं म्हणायची.

त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमन. नोकरीभर चालला, निवृत्त झाला आणि पायांतली जाणीवच गेली. “पाय माझेच आहेत, पण हल्ली मला काही सांगत नाहीत,” असं तो हसत म्हणायचा. भाऊच्या जोड्यांवर त्याचा इतका विश्वास, की घालून बघायचाही नाही; काखेत मारून घरी न्यायचा.

भाऊच्या हातांचं सुरू झालं ते त्याला आधी कळलंच नाही. सुई पडायची. शर्टाचं बटण लागायचं नाही. एकदा कातड्यावर लाल डाग दिसला, तो कुठून आला म्हणून शोधलं, तर रापीनं स्वतःचंच बोट कापलेलं. त्यानं चिंधी गुंडाळली आणि बायकोला सांगितलं, “लागलंय जरासं.” दुखलं नव्हतं, हे सांगितलं नाही. ते एकदा तोंडातून निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुकान कशाला उघडायचं?

त्याच सुमारास पोस्टमनचे नवे जोडे तयार झाले. भाऊनं आत हात घातला, अंगठा फिरवला. कुठंच अडला नाही.

“झालं?” बायकोनं विचारलं.

“लोण्यासारखं.”

बरेच दिवस पोस्टमन फिरकला नाही. मग एका दुपारी त्याची बायको आली. तिनं पिशवीतून उजव्या पायाचा जोडा काढून भाऊसमोर ठेवला.

“यांना इस्पितळात ठेवलंय. मोज्याला घाण वास यायला लागला तेव्हा कळलं. डॉक्टर विचारतात, जोड्यात काही होतं का. तुम्हीच बघा. मला यातलं काय कळतंय?”

भाऊनं जोडा उजेडात धरला. आत, करंगळीच्या बाजूला, कड दुमडून शिवली गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा, भोवती वाळलेला काळपट डाग. त्यानं त्यावर अंगठा ठेवला. डोळ्यांना दिसत होतं, अंगठ्याला कळत नव्हतं.

पाय वाचला नाही. घोट्याच्या वरून काढला.

भाऊ बायकोला घेऊन इस्पितळात गेला. वाटभर जुळवलेलं सगळं खाटेपाशी पोचताच विरून गेलं.

“शिवण राहिली होती आत,” तो म्हणाला. “माझ्या बोटांना हल्ली कळत नाही. मी कुणाला बोललो नाही.”

पोस्टमन चादरीच्या सपाट झालेल्या भागाकडे बघत होता.

“मला कळत नव्हतं म्हणून तर तुझ्याकडे येत होतो,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची बायको स्टुलावरून उठून बाहेर गेली.

पोस्टमनला तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं होतं. त्यांनी भाऊला व्हरांड्यात बाकावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कापूस बोटांवरून फिरवला.

“कळलं की सांगा.”

भाऊ वाट बघत राहिला. “लावा की,” तो म्हणाला.

बाईंनी कापूस बाजूला ठेवला. काम काय, कुठं बसता, हवा कुठून येते, सगळं विचारलं.

“त्या सोल्यूशनच्या वाफेनं नसा मरतात,” त्या म्हणाल्या. “ते आता बंद करा. दुखणं पुढं जायचं थांबेल. काही परत येईलही, पण तासायची बोटं परत येतील असं मी सांगणार नाही. आणखी कोण बसतं त्या खोलीत?”

भाऊनं वळून बघितलं. बायको भिंतीला टेकून उभी होती.

“माझी चप्पल,” ती हळूच म्हणाली, “चालताना निघून पडते आणि मला समजत नाही. परवा बाजारातून एका पायानं अनवाणीच घरी आले. मला वाटलं, वय झालं.”

घरी आल्यावर भाऊनं खिडकी उघडली. गंजलेली कडी हातोडीनं ठोकून काढावी लागली. सोल्यूशनचे डबे त्यानं बाहेर नेऊन टाकले आणि दुकानावर ‘बंद’ अशी पाटी लावली.

बायकोसाठी मात्र एक जोडा शिवायचा त्यानं प्रयत्न केला, नुसत्या शिलाईचा, सोल्यूशनशिवाय. डोळ्यांनी जोखून कड तासली. रापी आरपार गेली. चांगलं पाठीचं कातडं होतं, जपून ठेवलेलं. दुसऱ्या तुकड्याचंही तेच झालं. शहरात असे जोडे शिवणारा आणखी कुणी आहे का, म्हणून तो दुकानंदुकानं फिरला. सगळीकडे साच्यातून निघालेला माल. एकानं तर त्यालाच त्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

आता ती बाजारातली चप्पल घालते, फडक्यानं घोट्याला बांधून. रोज संध्याकाळी ती खाटेवर पाय लांब करते. भाऊ चष्मा लावून, दिवा जवळ घेऊन तळवे बघतो, बोटांच्या बेचक्या उघडून बघतो. ती छताकडे बघत असते.

काल टाचेच्या कडेला लाल चट्टा दिसला, मधोमध कातडी सुटलेली.

“काय आहे का?” तिनं विचारलं.

त्यानं दिवा आणखी जवळ नेला. चट्टा होताच.

“आहे,” तो म्हणाला. “उद्या इस्पितळात जाऊ.”

तिनं पाय ओढून घेतले, लुगड्याखाली झाकले आणि भिंतीकडे कूस वळवली.