दुधाचा टँकर आणि मेन्ना

ओटची लापशी उतू जायच्या बेतात होती, एका हाताने मी गॅस बारीक करत होते आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या डब्यात चीजचे सँडविच कोंबत होते, तेवढ्यात दार वाजलं. आमच्या खेड्यात सकाळी सातला कोणी दार वाजवत नाही. दाराशी मेन्ना उभी होती, आमच्या वरच्या शेतातली. हातात पिवळं चमकतं जाकीट.

"हे घाल," ती म्हणाली. "आज आमच्या तट्टांच्या मागून चाल. मागून गाडी आली तर हात वर करायचा, बास."

"लापशी तरी खाऊ दे बाई."

"खा. मी थांबते." आणि ती खरंच उंबऱ्यातच थांबली. आत ये म्हटलं तरी आली नाही. जाकीट तिने बाहेरूनच माझ्या हातात दिलं.

वेल्सच्या या डोंगरात सव्वीस वर्षं काढली, पण मेन्ना प्रॉसरने कोणाकडे मदत मागितलेली मी पाहिली नव्हती. बासष्ट वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. या खोऱ्यातली निम्मी शिंगरं तिच्या हातून रस्त्याला सरावली. डोंगरावर जन्मलेल्या तट्टाला गाडी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मेन्ना त्याला आधी अंगणात उभं करी, शेजारी ट्रॅक्टर सुरू ठेवी आणि ओटची बादली ट्रॅक्टरच्या चाकाशी. चार दिवसांत तट्टू ट्रॅक्टरलाच जेवणाची घंटा समजू लागे. मग कुंपणाला बांधलेल्या फडफडत्या पिशव्या, मग पोस्टाची गाडी, आणि मग डांबरी रस्ता.

दोन वर्षांपूर्वी चॅपेलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, वळणावर एका तट्टाने तिला चाळीस पावलं फरफटत नेलं. खांदा मोडला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. गावाला तिने एवढंच सांगितलं, "दोर हाताला गुंडाळला होता. माझीच चूक." दोर हाताला कधी गुंडाळू नये, हे ज्या बाईने सगळ्या खोऱ्याला शिकवलं तीच असं म्हणाली, मग पुढे कोण काय विचारणार? त्यानंतर तिने एकही शिंगरू हाती धरलं नाही.

पण ग्लेनिसला ती नाही म्हणू शकली नाही. ग्लेनिस तिची शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर ग्लेनिसने तट्टं विकायला काढली, शेवटी शानी उरली, दोन वर्षांची राखाडी शिंगी. खालच्या गावातल्या एका घराला ती हवी होती, पण त्यांचा तबेला रस्त्याच्या एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला. त्यांनी साफ सांगितलं होतं, शनिवारी रस्त्याने चालवत आणा, न बुजता आली तर ठेवू. नाही तर शरद ऋतूतला तट्टांचा बाजार. तिथे बिनशिकलं तट्टू कसाईच उचलतो, हे ग्लेनिस मोठ्याने बोलत नसे.

पहिला आठवडा तर बाजू बदलण्यातच गेला. ग्लेनिस आयुष्यभर प्रदर्शनात तट्टं फिरवणारी, तिने शानीला फक्त डाव्या बाजूने चालवलेलं. रस्त्यावर मात्र माणसाने तट्टू आणि गाड्या यांच्या मधे, म्हणजे उजवीकडे राहायचं असतं. उजवीकडे कोणी आलं की शानी गोल फिरायची आणि ढुंगण रस्त्यावर.

"परीक्षकांना डावी बाजू आवडते," ग्लेनिस कुरकुरली होती.

"ट्रकला विचारून बघ, त्याला कोणती आवडते," मेन्ना म्हणाली होती.

आज गुरुवार. दुधाचा टँकर एक दिवसाआड येई, शनिवारच्या आधीची त्याची फेरी आजचीच, आणि मोठी गाडी शानीने अजून पाहिली नव्हती.

आम्ही निघालो. पुढे ग्लेनिस, तिच्या हाती मेन्नाची मॅगी, बावीस वर्षांची म्हातारी घोडी, जिच्यासमोर बाँब फुटला तरी ती गवत चावत राहील. मग मेन्ना आणि शानी. शेवटी मी, पिवळी.

"अगं, तोंड बघ तुझं," ग्लेनिस मागे वळून मेन्नाला म्हणाली. "टँकर राहिला बाजूला, ही तुलाच बुजेल."

"तू पुढे बघ. मॅगीला तरी रस्ता दिसू दे."

पण मागून मला दिसत होतं. शानीचे कान रस्त्याकडे नव्हते. दोन्ही कान मेन्नाकडे वळलेले. दोरातून सगळं खाली उतरतं, मेन्नानेच मला हे कधीतरी सांगितलं होतं. माणसाने श्वास रोखला की तट्टूही रोखतं. म्हणून बोलत राहायचं, बोलताना श्वास रोखता येत नाही.

चॅपेलचं वळण दिसलं तशी मेन्ना बोलू लागली. आवाज कोरडा. "आज भाज्यांचं सूप करायचं. लीक चार. बटाटे तीन. कांदा असला तर कांदा. लोणी जास्त नको, डॉक्टर ओरडतो..."

खालून टँकरचा घरघराट आला. मेन्नाने शानीला शेताच्या फाटकापाशी, रस्त्यापासून आत घेतलं. "लीक चार," ती पुन्हा म्हणाली. "बटाटे तीन."

टँकर वळणावरून आला. गेथिन चालवत होता, भला पोरगा. आम्हाला पाहताच त्याने वेग कमी केला, अगदी हळू झाला. शानीने मान उंच केली, नाकपुड्या फुलवल्या, पण उभी राहिली. राहिली! आणि गेथिन सौजन्याने आमच्या बरोबर समोर येऊन पूर्ण थांबला.

फुस्स! ब्रेकची हवा सुटली.

शानी चारही पाय उचलून मागे उडाली. दोर मेन्नाच्या हातमोज्यातून सरकत गेला. मी किंचाळले की नाही आठवत नाही. मेन्नाचे गुडघे वाकलेले मला दिसले, मोडलेला खांदा खाली ओढला गेलेला, आणि मिटत नसलेली दोन बोटं तशीच ताठ. पण दोर गुंडाळलेला नव्हता. तिने सरकू दिला, सरकू दिला, आणि मग धरला. शानी अर्धा फेर फिरून मॅगीच्या कुशीला जाऊन भिडली आणि तिथेच उभी राहून कापत राहिली. मॅगी कुंपणातलं गवत चावत होती.

"...कांदा असला तर कांदा," मेन्ना कुजबुजली. ओठ पांढरे पडलेले.

तेव्हा मला कळलं, दोन वर्षांपूर्वी याच वळणावर काय झालं असणार.

गेथिन खाली उतरून धावत आला. "मावशी, लागलं का? मी थांबलो होतो गं. तुला पाहिलं की मी कायम थांबतोच. त्या दिवसापासून तर..."

"ठाऊक आहे. त्या दिवशीही थांबला होतास. अशीच हवा सुटली होती."

त्याचा चेहरा उतरला. "तू म्हणालीस दोर गुंडाळला होता."

"गुंडाळला होता. ते खरंच आहे. पण अर्धं." मेन्नाने शानीच्या मानेवर तळहात ठेवला, आणि कोण कोणाला आधार देत होतं, कळेना. "नव्या नोकरीवर होतास. आणि चांगुलपणाने थांबला होतास. तुला काय सांगणार होते?"

ग्लेनिस पुढून म्हणाली, "मलाही नाही सांगितलंस, बये."

"तुला सांगितलं असतं तर रविवारपर्यंत सगळ्या चॅपेलला कळलं असतं."

ग्लेनिस जरा हसली आणि डोळे पुसले.

मेन्नाने दोर हातात पुन्हा घेतला, घड्या घालून, नीट.

"गेथिन, मला भीती वाटते," ती म्हणाली. "शनिवारी आम्ही दिसलो की लांबूनच हळू कर, पण माझ्याजवळ थांबू नकोस. तसाच हळूहळू पुढे निघून जा."