पॅराशूटच्या कापडाची रावटी

छातीच्या दुखण्यानंतर आप्पांनी शिकार सोडावी असं घरात सगळ्यांना वाटत होतं. वाटत नव्हतं ते फक्त त्यांना. निजामाच्या राज्यात ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. अर्धी नोकरी रावटीतच गेली. पोलीस ॲक्शननंतर खातं बदललं, मग पेन्शन झाली. बंदुकीचा परवाना मात्र त्यांनी खेटे घालून नव्यानं काढून घेतला. हिवाळा लागला की अजिंठ्याहून मामांचा निरोप यायचाच : डुकरं ज्वारीत शिरलीत, या.

त्या वर्षी निरोप आला तशी आई म्हणाली, "जायचं तर पोरीला संगं न्या. एकट्यानं नाय जायचं."

"एकटा कुठं? भाई हायेत की."

"ते तुमच्याहून म्हातारे."

भाई म्हणजे मोजणी खात्यातले त्यांचे जुने सोबती. मी त्यांना चाचा म्हणायची. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. नाताळची सुट्टी होती, आणि डोंगर चढायला मला आवडायचं. मी हो म्हणाले.

अडचण रावटीची होती. जुनी जाड कॅनव्हासची रावटी बैलगाडीशिवाय हलायची नाही आणि डुकरं उतरायची त्या टेकाडावर गाडीवाट नव्हती. उघड्यावर बसावं तर आप्पांच्या छातीला गारवा सोसत नव्हता. म्हणजे खांद्यावर नेता येईल इतकी हलकी आणि आत शेगडी पेटवता येईल अशी रावटी हवी होती. आम्ही तिघं गुलमंडीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं खाकी कॅनव्हास दाखवला, मेण लावलेलं कापड दाखवलं, आणि शेवटी आतून लष्कराच्या मोडीत निघालेल्या पॅराशूटचं कापड आणलं. आप्पांनी ते मुठीत धरलं तर सगळं मुठीत मावलं.

"हेच," ते म्हणाले.

चाचांना पसंत नव्हतं. "हल्का तो हय, मगर एक चिंगारी पडी तो खतम. ऊपर जाडा कपडा लगाव, और धुराडं बराबर बाहर निकलना."

रावटी मी घरच्या मशीनवर शिवली. मधे एक बांबू, वर निमुळती, टोकाला कॅनव्हासची गोल पट्टी आणि त्यात धुराड्यापुरतं भोक. पावसात ते भोक झाकायला दोरीनं ओढायची टोपी. तेलाच्या डब्याची शेगडी करून घेतली, तिला पत्र्याची नळी. अंगणात उभी करून पेटवली तेव्हा आत खरंच उबदार वाटलं. आप्पा पोरासारखे हसले.

पण मामांच्या घरून चढायला निघालो तेव्हा आप्पांनी नळी काढून ओट्यावर ठेवली.

"कशाला वझं? भोक हाय ना वर. कोळसा घेऊ, त्याला धूर कुठला?"

चाचांनी नळीचा हट्ट धरला नाही. गावात येतानाच्या चढालाच आप्पांना धाप लागलेली आम्ही दोघांनी पाहिली होती.

दुपारी आप्पांनी एका मोठ्या नर डुकरावर बार टाकला. गोळी मागच्या बाजूला लागली असावी; ते ओरडलं, कोलमडलं आणि उठून घाणेरीच्या दाट जाळीत घुसलं. जाळी आमच्या रावटीपासून हाकेच्या अंतरावर. जखमी डुकराच्या मागं लगेच जायचं नाही, थोडं थांबायचं, हे मलाही ठाऊक होतं. आम्ही थांबलो, तोच आभाळ भरून आलं. थंडीतला पाऊस, त्यात बारीक गारा. तिघं रावटीत शिरलो. पाणी आत येऊ नये म्हणून चाचांनी कडेनं माती आणि दगड दाबले, आप्पांनी दोरी ओढून वरची टोपी बंद केली आणि दाराच्या नाड्या आवळून बांधल्या. शेगडीत कोळसा फुलला होता. ऊब आली.

जाळीतून डुकराचा घुरघुराट ऐकू येत होता. मधेच थांबायचा, मग जवळून आल्यासारखा वाटायचा. आप्पांनी बंदूक मांडीवर घेतली होती. कापडाला हात लागला तरी मी दचकत होते. त्या झिरझिरीत भिंतीपलीकडं सुळे असलेलं जनावर होतं.

माझं डोकं ठणकू लागलं. पावसानं असेल, म्हटलं. मग पाहिलं तर चाचा मान टाकून झोपलेले. दिवसा कधी न झोपणारा माणूस.

"आप्पा, चाचा बघा."

आप्पा समोर बघत म्हणाले, "साखळी ओढा. ढिली पडलीय. बांधापर्यंत ओढा."

ते मोजणीच्या माणसांशी बोलत होते. ताप वाटला म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावला तर थंड. तेव्हा मला आमच्या गल्लीतली बाळंतीण आठवली. दारं लावून शेगडीशी निजली होती, सकाळी दार फोडावं लागलं. लोक बाहेरचं काही लागलं म्हणत होते, सुईण म्हणाली होती, कोळशानं नेलं.

मी उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. दाराच्या नाड्या भिजून घट्ट बसलेल्या. आप्पांच्या कमरेची सुरी ओढली तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"दार उघडू नको. बाहेर उभं हाय ते."

"आप्पा, सोडा!"

"नाय उघडायचं."

त्यांच्या पकडीत जोर उरला नव्हता, हेच जास्त भीतीचं होतं. मी हात सोडवला आणि जाळीच्या उलट्या बाजूनं, स्वतः शिवलेलं कापड वरपासून खालपर्यंत फाडलं. गार वारा तोंडावर आला. आप्पांना काखेत धरून ओढलं. चाचांना ओढताना दोनदा पडले. पायाला शेगडीचा चटका बसला, तो मला संध्याकाळी कळला.

दोघं चिखलात पडले होते, तोंडावर पाऊस. चाचा ओकले. ते बघून मला रडू आलं, जिवंत होते. मी बंदूक घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. आप्पांनी मला चालवायला शिकवली होती, पण जनावरावर कधी नाही.

डुक्कर जाळीतून बाहेर आलं. मागचा पाय ओढत. थांबलं, आमच्याकडं बघितलं. मी बंदूक खांद्याला लावली. आता येतं, असं वाटलं, आणि मी श्वास धरला. ते वळलं आणि ओढ्याकडं उतरून गेलं. मी बार टाकलाच नाही.

पाऊस ओसरल्यावर मामांची माणसं आमच्या शोधात वर आली. आप्पांना पाठुंगळी उतरवलं. दुसऱ्या सकाळी चाचा, अजून डोकं धरूनच, माणसांना घेऊन ओढ्यात गेले आणि शेवटची गोळी घालून त्या जखमी जनावराची सुटका करून आले. खाणार तर ते नव्हतेच, पण तसं सोडणं त्यांना जमेना.

घरी पोचलो तेव्हा आईनं विचारलं, "कसं झालं?"

"पाऊस लई होता, भाभी," चाचा म्हणाले आणि आप्पांकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना आप्पांनीच सगळं सांगितलं : नळी ओट्यावर ठेवली ते, टोपी ओढली ते, माझं मनगट धरलं तेही. काही लपवलं नाही. आई ऐकत होती. वाढायला घेतलेली भाकरी तिच्या हातात तशीच होती. मग ती माझ्या ताटात टाकून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.