ताइफच्या अंगणातलं कुत्रीचं घर

ताइफला मी पोस्टिंगवर आलो, पण पोस्टिंग बायकोची. लष्कराच्या डॉग युनिटमधून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि त्याच वर्षी सुनंदाला इथल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, तिच्या नोकरीवर. मी नोकरीत होतो तेव्हा ती माझ्या मागून फिरली, आता माझी पाळी. सकाळी तिचा डबा, मुलगी श्रेयाची स्कूलबस, मग झाडलोट. काम वेळेवर होतं.

सौदी म्हटलं की लोकांना वाळवंट दिसतं. ताइफ डोंगरावर आहे. जानेवारीत इथे बोटं आखडतात.

अशाच एका सकाळी फाटकातून एक कुत्री सरपटत आत आली. गाडीने उडवलेली. मागचा पाय लोंबत होता. मी जखम धुतली, दोन लाकडी पट्ट्या लावून पाय बांधला आणि तिला स्वयंपाकघरात ठेवलं. श्रेया म्हणाली, "बाबा, शी इज शिव्हरिंग." मी माझी जुनी जर्सी तिच्यावर टाकली.

वरच्या मजल्यावर साठे राहतात. पुण्याचे, इंजिनिअर. ते जिन्यातूनच म्हणाले, "हवालदारसाहेब, खाली लहान मुलं खेळतात. चावली तर जबाबदार कोण?"

"मी."

त्यांना ते पुरलं नाही. त्यांनी घरमालकांना फोन लावला. घरमालक म्हणजे अबू फैसल. वयस्कर माणूस, भारतीय भाडेकरूंशी मोडक्या हिंदीत बोलतो. दुपारी त्याचा मला फोन आला.

"हवलदार, कलब घर में नहीं. मगरिब तक खलास. मैं गाडी लाता."

कलब म्हणजे कुत्रा, मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. सुनंदा ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, घर गेलं तर जायचं कुठे?"

"घरात नको म्हणाला. अंगणाचं बोलला नाही."

तिने इथे बाहेर घालायचा काळा अबाया काढून खुंटीला अडकवला आणि विचारलं, "करवत कुठंय?"

कोपऱ्यावरच्या टाइल्सच्या दुकानामागे लाकडी पॅलेट पडलेले असतात. मालकाला विचारून चार आणले. फळ्या सुट्या केल्या, खिळे सरळ केले. कुत्र्याचं घर मोठं बांधायचं नसतं. तिला उभं राहता यावं, वळता यावं, बस. जागा जास्त झाली की अंगाच्या उबेने तापत नाही. विटांवर तळ उचलून घेतला, म्हणजे ओल चढत नाही. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवलं. छप्पर उतरतं, बिजागरीवर, साफ करायला उघडता येईल असं. सुनंदा फळी धरत होती, मी ठोकत होतो. वरून साठे बघत होते. मी आणखी जोरात ठोकलं.

अजान झाली. थोड्या वेळाने फाटकाशी पिकअप थांबली. अबू फैसल उतरला, सोबत पिंजरा घेतलेला माणूस. कुत्री नव्या घरात जाऊन बसली होती. मी दारापुढे उभा राहिलो, सावधानमध्ये.

"हवलदार, हटो."

"नहीं हटूंगा."

"घर मेरा."

"घर आपका. निकालना है तो हम तीनों को निकालिए. कुत्री लंगडी है, ये नहीं जाएगी."

सुनंदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात माझी हातोडी. पिंजरावाला मागे सरकला.

अबू फैसलने वाकून घर पाहिलं. छप्पर उचललं, परत बंद केलं. "किसने सिखाया?"

मग मी त्याला सांगितलं. लान्स नाईक दिनकर पवार, साताऱ्याकडचा. आमच्या युनिटमधले सगळे केनेल त्याच्या हातचे. त्याची कुत्री मीरा, सुरुंग हुंगणारी. एकदा बर्फातल्या चढावर दोघं पुढे होते, आमचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, वळणामागे. मीरा एकाएकी खाली बसली. म्हणजे खाली सुरुंग. तेवढ्यात वरून फायर आला. रेडिओवर हुकूम आला, "डॉग टीम, पीछे हटो. ओव्हर."

दिनकरचं उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "रास्ता मार्क नहीं हुआ. पेट्रोल को रोको. ओव्हर."

त्याने निशाणी रोवली. मग सेट बंद झाला. त्या निशाणीला वळसा घालून आम्ही सगळे जिवंत परत आलो. दिनकरला खाली आणलं, मीरालाही. ती त्याच्या अंगावर आडवी पडलेली सापडली.

अबू फैसलने छपरावर एकदा हात ठेवला. मग पिंजरावाल्याला म्हणाला, "यल्ला, रुह." तो गेला. मला म्हणाला, "अंदर नहीं लाना." आणि वर पाहून साठ्यांना, "खलास."

साठे अजून माझ्याशी बोलत नाहीत. चालेल.

दिनकरच्या गावात त्याच्या नावाची कमान आहे. कमानीवर मीराचं नाव नाही. म्हणून मला कुणी विचारलं, किंवा नाही विचारलं, तरी मी दोन्ही नावं घेतो. लान्स नाईक दिनकर पवार. मीरा.