संपावरच्या सरांचा हात

पॅरामेडिकल कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती, ती इंझोरी गावाहून रोज एसटीनं कारंज्याला यायची. आवाज शेतातून हाक मारावी तसा मोठा. कोणी खरचटून आलं, की विचारायच्या आत त्याची जखम धुवायला घ्यायची.

कायम नेमणुकीसाठी आमचे सर-मॅडम संपावर गेले, तेव्हा परीक्षा तोंडावर होती. प्रॅक्टिकलच्या खोलीला कुलूप लागलं. बरेच जण गावी निघून गेले. ही मात्र घरून हाडाला आधार द्यायच्या फळ्या न्‌ पट्ट्या घेऊन आली, आम्हाला ओढत गेटवरच्या संपाच्या मंडपात घेऊन गेली आणि आमचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांपुढे उभी राहिली.

"सर, तुमी शिकवू नका. संपही मोडू नका. नुसता हात द्या, पेशंट व्हा."

मंडप हसला. सरांनी मात्र गुपचूप बाही वर सारली. मग आम्ही रोज त्या हाताला मोडलेल्या हाडाची पट्टी बांधायला शिकलो. सर एका शब्दानंही शिकवत नव्हते.

एकदा माझी गाठ फारच आवळली गेली. सर हळूच म्हणाले, "दुखून राह्यलं."

सरांनी शिकवलं की काय, या गोंधळात मी गाठ तशीच धरून राहिलो. ती माझ्यावर खेकसली, "अरे, पेशंट काय म्हनते ते आयक ना!"

सर पहिल्यांदाच हसले.