तीन ताटांतली गिटार

फोन वाजला तेव्हा जनाची गिटार माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर तीन ताटांत पडली होती. एका ताटात स्क्रू आणि वायरी, दुसऱ्यात सायकलचे स्पोक कापून केलेल्या, बोटांखालच्या पट्ट्या, तिसऱ्यात चुंबकं. फोनवर दीपाचं नाव दिसलं. जना नेहमी लेकीच्याच फोनवरून विचारायचा, "मास्तर, झाली का न्हाय?" त्यामुळे मी फोन उचलता उचलताच म्हणून टाकलं, "झालीच रे, उद्या आणतो." पलीकडून दीपा म्हणाली, "काका... पप्पा गेले." मी मारलेली शेवटची थाप त्याला पोचलीसुद्धा नाही. ती त्याच्या पोरीच्या कानात पडली.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने होऊन गेले. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहायचे असतात हे मला कळतं. पण लिहायला बसलो की आधी ती ताटंच डोळ्यांसमोर येतात, त्याला मी काय करू?

जनार्दन तारोडीचा कोळी. दिवसा बोट, रात्री हळदीत वाजवणं. उत्तनपासून पार चेण्यापर्यंत कुणाकडे हळद असली की मांडववाल्याच्या आधी जनाची तारीख घेतली जायची. आणि त्याचं नाव व्हायचं ते त्या गिटारमुळे. इलेक्ट्रिक गिटार, आणि तीही विकत घेतलेली नाही, विशीत स्वतःच्या हाताने केलेली! मी गिरगाव सोडून मीरा रोडला आलो, भाईंदरच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. एकदा गणपतीत मंडळाचा स्पीकर बंद पडला, तो मी चालू करून दिला, आणि जनाने मला जो धरला तो कायमचा. त्याच्या वाजवणाऱ्यांच्या पार्टीत वायरी, माइक, स्पीकर हे माझं खातं. वाजवण्याचं म्हणाल तर मला एक सूर येत नाही. जना सगळ्यांना माझी ओळख करून द्यायचा, "आमचे मास्तर. यांना गाण्यातला सोडून सगला कलतो."

थापाड्या तर एक नंबरचा. गिटार कशाची केली असं कुणी विचारलं की रोज नवी कथा. कधी ती आजोबांच्या होडीची फळी असायची, कधी वादळात किनाऱ्याला लागलेल्या जहाजाची. तारा ज्या पांढऱ्या तुकड्यावर टेकायच्या तो म्हणे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, हाडाचा. पोरं आ वासून ऐकायची आणि खरं सांगतो, पोरांच्या मागे उभा राहून मीही ऐकायचो. मागचं झाकण मात्र त्याने कधी कुणाला उघडू दिलं नाही.

आणखी एक होतं. स्पीकर चालू केला की ती गिटार आधी नुसतीच घूंऽऽ करत राहायची. मांडवातला गलका हळूहळू थांबायचा, बायका हळदीचे हात तसेच धरून वळून बघायच्या. मग जना तारांवर पंजा ठेवायचा, घूं बंद, एकदम शांत... आणि त्या शांततेत त्याचा पहिला सूर यायचा. हात लागला की गुणगुण थांबते यात चमत्कार काही नाही, तो वायरिंगचा कच्चेपणा. मी कितीदा म्हटलं, "जना, पाच मिनिटांचं काम आहे, काढून टाकतो." तो म्हणायचा, "असू दे. लोकांना कलतं, जना आला."

शेवटचा तो माझ्या घरी आला तेव्हा आमची लिफ्ट बंद होती. गिटार चादरीत गुंडाळून, जिना चढून आला आणि दारातच धापा टाकत बसला. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं, बोटीवर जाणं तर आधीच सुटलं होतं. आमच्या हिने ताक दिलं, ते पिऊन झाल्यावर बोलला. "महिन्यावर दीपाची हळद हाय. वाजवाची तर मीच वाजवनार. आवाज मधीच तुटतोय, एक टाका मार मास्तर." जाताना दारातून पुन्हा वळला. "टाका मारायचा फक्त. बाकी कशाला हात लावायचा न्हाय." मी म्हटलं, "अरे, विश्वास नाही का माझ्यावर?" तो हसला, म्हणाला, "हाय म्हनून तर आनली."

कथलाचा टाका त्याच दुपारी मारून झाला. सुटलेली वायर होती, दुसरं काही नाही. झाकण लावून संध्याकाळी नेऊन द्यायची, संपला विषय. पण माझे हात शिवशिवले! इतक्या वर्षांनी ते झाकण माझ्यासमोर उघडं होतं आणि त्याच्या सगळ्या थापा मला आत दिसायला लागल्या होत्या. म्हटलं, नुसतं बघू. मग म्हटलं, एवढाच स्क्रू काढू. उंटावरच्या शहाण्याची गोष्ट मी वर्गात पोरांना किती रंगवून सांगायचो...

आणि काय सांगू, मजा येत होती. हे कबूल केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. चुंबकं निघाली लोखंडी कपाटाच्या दाराची. त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली, बहुतेक जुन्या रेडिओतली. तारा मागे अडकवल्या होत्या त्या दाराच्या बिजागरीत. आवाजाचं बटण म्हणजे बामच्या बाटलीचं झाकण. आणि ते मुशीचं हाड? टूथब्रशची दांडी! मी एकटाच टेबलाशी बसून मोठ्याने हसलो. मग फळी कुठली ते बघायला पाठीचा रंग खरवडला. मग वाटलं, उघडलीच आहे तर ती घूंसुद्धा घालवून देऊ, जनाला चकित करू. म्हणून आत चांदीचा कागद चिकटवत बसलो. रोज फोन यायचा आणि रोज मी "झालीच रे" म्हणायचो. आमची ही म्हणाली, "अहो, त्या माणसाची वस्तू द्या आधी." मी तिच्यावरच खेकसलो.

तेराव्यानंतर जनाची बायको यमुनावहिनी आणि दीपा गिटार न्यायला घरी आल्या. मी ताटं लपवली नाहीत. लपवून लपवणार कुठे? वहिनी टेबलाशी उभ्या राहून एकेक ताट बघत होत्या. मग दीपाने सांगितलं, शेवटच्या आठवड्यात पप्पा लाटणं मांडीवर घेऊन बोटं चालवत बसायचे. आई पोळ्यांसाठी मागायची तर म्हणायचे, "थांब गो, सवय जायल." मी मान खाली घातली. नुसता टाका मारून दिली असती तर तो माणूस शेवटचे दिवस लाटणं वाजवत बसला नसता, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

वहिनींनी गिटारची ती फळी उचलली. खरवडलेल्या भागात ओळीने बारीक भोकं दिसत होती, खिळ्यांची. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "अगो बाय... ह्यो तर माझा पाट!" आम्हाला काही कळेना. "पितळेची फुलं व्हती याच्यावर. याच्यावर बसवून मना हळद लावलेली. लगीन झाल्यावर पाट गायब. सासू मरेपर्यंत मना बोलत व्हती, माहेरी नेऊन दिलास म्हनून! आनि ह्यो मेला जन्मभर छातीशी धरून मिरवत व्हता, न् मना सांगत व्हता होडीची फली!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाट त्याने का कापला, लाकूड मिळालं नाही म्हणून की आणखी कशासाठी, ते विचारायला आता कोण उरलंय?

मी रंग खरवडला म्हणून हे त्यांना कळलं, असं मला त्या रात्री वाटून गेलं. थोडं बरंही वाटलं. पण तेवढ्याने माझं पाप धुतलं जात नाही. बायकोला सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क त्याचा होता. तोही मी स्क्रूबरोबर काढून ताटात ठेवला.

"भाऊजी, व्हती तशी करा," वहिनी निघताना म्हणाल्या. मी चांदीच्या कागदाबद्दल सांगितलं, म्हटलं, आता ती घूं येणार नाही, तो दोषच होता. "दोष आसंल," त्या म्हणाल्या. "तो पन परत घाला."

मी कागद सोलून काढला. जुन्याच वायरी, जुनेच स्क्रू. बामचं झाकणसुद्धा पुसलं नाही.

दीपाची हळद थोडी पुढे ढकलून घरच्या घरीच केली. मांडवात जनाच्या खुर्चीवर गिटार ठेवली होती. वाजवायला कुणी तयार होईना. पार्टीतले सगळे म्हणाले, आमची छाती नाही. वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या, हळद लावायला पुढे येत नव्हत्या, आणि त्यांना कुणी बोलवतही नव्हतं. दीपाच पाटावरून उठली, आईला हाताला धरून आणलं आणि तिचा हात हळदीत बुडवून स्वतःच्या गालाला लावून घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, स्पीकर लावा."

मी बटण दाबलं. घूंऽऽ... मांडव गप्प झाला. बायकांनी वळून बघितलं, अगदी नेहमीसारखं. आवाज चालूच राहिला, थांबवणारा नव्हता. मला ते सोसेना, मी बटण बंद करायला वाकलो.

"बंद नको," वहिनी म्हणाल्या. "हात ठेवा, भाऊजी."

कशाला हात लावायचा नाही म्हणून तो मला बजावून गेला होता. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी तारांवर पंजा ठेवला. घूं थांबली, एकदम शांत झालं. मांडवातला एकूण एक माणूस माझ्या हाताकडे बघत पुढच्या सुराची वाट पाहत होता, आणि मला एकही सूर येत नव्हता.