धोंडुबाईच्या गुडघ्यातल्या पेशी

राधानगरीजवळच्या वाडीतल्या धोंडुबाईचा उजवा गुडघा सुजला तेव्हा ती तिशीत होती. म्हशी, भाताचं रान. दुखणं अंगावर काढलं. १९९९च्या उन्हाळ्यात धार काढून उठताना हाडच मोडलं.

कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, "हाडात गाठ आहे. कॅन्सर नाही, पण हाड पोखरतेय."

"पाय काढाया लागंल?" नवऱ्यानं, आकारामानं, विचारलं.

"नाही. गाठ खरवडून पोकळीत सिमेंट भरू."

ऑपरेशनआधी मंगळवार पेठेतली संघप्रिया तिच्या कॉटपाशी आली. ती हाडांच्या पेशींवर पीएच.डी. करत होती. काढलेल्या गाठीचा तुकडा तिला हवा होता.

"ताई, हाड खाणाऱ्या पेशी सगळ्यांच्यात असतात. जुनं हाड त्या खातात, मग नवं बनतं. तुमच्या गाठीत मात्र त्या खच्चून भरल्यात. त्यांना खायला कोण सांगतं, ते शोधायचंय."

"पेशी बोलत्यात व्हय?"

"तोंडानं नाही. एक पेशी रसायन सोडते, दुसरीला ते पोचतं."

"फेकूनच देणार न्हवं त्ये? मग घे की."

टाके काढायला आली तेव्हा धोंडुबाईनंच विचारलं, "जित्या हाईत का माझ्या पेशी?" संघप्रियानं तिला प्रयोगशाळेत नेलं. काठी भिंतीला टेकवून ती मायक्रोस्कोपवर वाकली. मोठ्या, पसरट पेशी. एकेकीच्या पोटात ठिपक्यांचा घोळका.

"हीच व्हय हाड खाल्ल्याली? मारून टाक रांडंला!" मग पुन्हा वाकून बघत म्हणाली, "न्हाय, ऱ्हाऊ दे. तुझं काम झाल्यावर मार."

दोन वर्षांनी गाठ परत आली. धोंडुबाई पहिल्यांदाच रडली. पुन्हा खरवडणं, पुन्हा सिमेंट. संघप्रिया भेटायला आली.

"ताई, मोठ्या पेशींचा दोष नव्हता. त्यांच्याभोवतीच्या बारीक पेशीच खऱ्या गाठीच्या. त्या रँकल नावाचा रेणू पुढं करतात. तो लागला की मोठ्या पेशी तयार होतात आणि हाड खातात. इतर संशोधकांनाही हेच दिसलंय."

"म्हंजे काड्या लावणारी येगळीच, आन् शिव्या खाल्ल्या दुसरीनं." धोंडुबाईनं गुडघ्यावर हात ठेवला. "तिचं तोंड बंद करायचं औषध हाय?"

"अजून नाही. शोध चाललाय."

गाठ पुन्हा आली नाही, पण गुडघा पुरता वाकेना. रोप लावणीला वाकणं सुटलं. धार ती स्टुलावर बसून काढू लागली. पुढं गावच्या दूध संस्थेत फॅट तपासायचं काम तिनं मागून घेतलं. संघप्रिया कॉलेजात शिकवू लागली, आणि दिवाळीला धोंडुबाईकडून तिच्या घरी खरवसाचा डबा जाऊ लागला.